पडणं कळतं, वळणं कळत नाही

घानाच्या पूर्वेला, टोगोच्या सीमेजवळ
एका गावाचं नाव आहे हो.
तिथल्या बाजारात माझं फोनदुरुस्तीचं दुकान,
टपरीच खरं तर: एक टेबल, एक भिंग,
आणि मेलेल्या फोनांनी भरलेला बिस्किटांचा डबा.

हार्मॅटनची धूळ केसात घेऊन
एफो डोत्से आला, सुतार.
कानामागे पेन्सिल, हातात फोन
पाच वर्षांचा, कोपऱ्यात तडा.
"सेलॉर्म, ते कपाटाचं टाकून दे यात.
गिऱ्हाईक हल्ली विचारतं, घरात कसं दिसेल?
हायवेवरच्या शोरूममधला पोरगा
रिकाम्या खोलीत नुसता फोन धरतो
आणि भिंतीला टेकून कपाट उभं."

मी शोधलं. फोन म्हणाला,
हे अ‍ॅप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही.
गावाचं नाव हो,
आणि उत्तर असं.

"जागा कमी पडते का? नातीचे फोटो काढू?"
जागेचं नाही, एफो.
मी यादी उघडली, चालणाऱ्या फोनांची,
बोटानं सरकवत गेलो
पंगतीत उशिरा आलेला माणूस
रिकामं पान शोधत जातो तसा.
त्याच्या फोनचा थोरला भाऊ होता,
धाकटा होता,
तो नव्हता.

मग झाकण काढून भिंगाखाली धरलं.
हा बघ, तांदळाच्या कणीपेक्षा लहान,
याला पडणं कळतं.
पण वळणं कळायला दुसरा लागतो, जायरोस्कोप.
तो तुझ्यात बसवलाच नाही कंपनीनं.
"माझ्यात?"
फोनमध्ये, मी म्हणालो.
"मग बसव की. डब्यात असेल एखादा."
त्याच्यासाठी बोर्डावर जागाच ठेवलेली नाही.
हे मात्र त्याला लगेच पटलं.
"खाच नाही, तर कुसू कुठं ठोकणार," म्हणाला
आणि उठला नाही.

तो उठला नाही, म्हणून
जे करू नये ते मी केलं.
कुठूनशी फाइल आणली, दामटून चढवली.
संध्याकाळी आम्ही दोघं
नर्स यायराच्या क्वार्टरवर.

कपाट आलं!
ओडूमच्या लाकडाचं, तीन दारांचं, बिजागऱ्यासुद्धा.
डोत्सेनं श्वास रोखला.
मग त्यानं हात जरासा डावीकडे नेला
आणि कपाटही निघालं सोबत.
खिडकीकडे वळला तर आंब्याच्या झाडात उभं,
मागे फिरला तर पलंगावर,
मग यायराच्या अंगावरून सरकत
दारातून बाहेर, ओसरीत, नळाशी.
जिथं सुतार तिथं कपाट,
भिंत कुठली म्हणून नाहीच.

यायरा हसली असती तर बरं झालं असतं.
ती म्हणाली, "छान आहे.
पण ते आहे कुठं?"

परतताना त्यानं विचारलं, वळणं कळणारा
स्वस्तात स्वस्त केवढ्याला?
मी सेडींचा आकडा सांगितला.
तो चालता चालता पुटपुटला,
"दोन कपाटं विकली
की एक कपाट दाखवता येईल."
अ‍ॅप काढू का म्हटलं, तर नको म्हणाला.
नातीला दाखवायचं होतं
कपाट कसं चालतं ते.

माझा फोन यादीत आहे.
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
रात्री शटर अर्धं ओढून
मी तो जमिनीवर रोखला,
पांढरे ठिपके पसरले सिमेंटवर,
आणि त्याचं ते तीन दारांचं कपाट
टेबल आणि भिंतीच्या मधल्या बोळात
खिळल्यासारखं उभं राहिलं.
मी वाकलो, उठलो, मागून पाहिलं,
ते हललं नाही.
मधलं दार उघडलं. आत काही नव्हतं,
लाकडाचा वाससुद्धा.
फोन तापला, मी बंद केला.

सकाळी शटर वर केलं,
डबा घ्यायला आत जाताना
त्या बोळात
मी अंग चोरलं.